कपड्यांची किंमत कशावर ठरते आणि माणसांना नाचायला इतकं का आवडतं?

तुम्ही एकाच दमात दोन प्रश्न विचारलेत: कपड्यांचे भाव कशावर ठरतात, आणि लोकांना नाचायची एवढी आवड का असते. मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका गावात शिवणकाम करते. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, फुगडी घालते, पौषात धालो हा बायकांचा रात्रीचा नाच खेळते. त्यामुळे चवथीच्या आधीचा महिना हे दोन्ही विषय माझ्या मशीनवर एकदमच येऊन पडतात.

आधी भावाचं सांगते. तो सुतापासून सुरू होतो. एक पौंड सुतातून 840 वारांच्या जितक्या लडी निघतात, तो त्या सुताचा काउंट. चाळीसचं सूत जाडसर, ऐंशीचं तलम. तलम सुताला लांब तंतूंचा कापूस लागतो आणि तो महाग पडतो. मग विणाई. यंत्रमागावर कापड भराभर उतरतं, हातमागावर साध्या सुती साडीलाही विणकराचे दिवस मोडतात. आमची कुणबी साडीच घ्या. लाल चौकड्याची, गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची, शेतात राबणाऱ्या बायकांची साडी. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांसमोर आणली. आज हातमागावरची घ्यायला गेलात तर यंत्रमागाच्या नकलेपेक्षा पुष्कळ महाग मिळते. चौकडा तोच, रंगही तोच; जास्तीचे पैसे विणकराच्या दिवसांचे असतात आणि ते देताना मी कधीही घासाघीस करत नाही.

शिलाईचंही तसंच. "एवढ्याशा ब्लाउजला एवढे पैसे?" हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. पण चौकड्याच्या कापडाचा ब्लाउज असेल तर पुढचा चौकडा पाठीच्या चौकड्याशी बगलेत जुळावा लागतो. त्यासाठी कापड जास्त लागतं, कापताना दहादा टाचण्या लावाव्या लागतात. वर अस्तर, हुक, हातशिलाई. कारखान्यात एकाच मापाचे शेकडो थर एकदम कापतात म्हणून तिथला कपडा स्वस्त पडतो. मी एका अंगासाठी एकदाच कापते.

बाकीचं थोडक्यात. दुकानाचं भाडं आणि न खपलेला माल यांचे पैसे खपलेल्या कपड्यातूनच वसूल होतात. पडून राहिलेली मापं पुढे सेलमध्ये निघतात. शिवाय कर. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18. म्हणजे 2500 चा ड्रेस करासकट 2625 ला पडतो आणि 2600 चा 3068 ला. कर धरण्याआधीच्या किमती बऱ्याचदा या रेषेच्या जरा अलीकडे का थांबतात, ते यावरून कळेल.

आता नाचाकडे येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या फुगडीच्या पंधराजणींसाठी एकसारख्या साड्या मागवल्या. व्यापाऱ्याने बारा एका लॉटच्या दिल्या, तीन दुसऱ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच दिसल्या. घरी अंगणात उन्हात पसरल्या तर त्या तीन साड्यांचा मोरपंखी रंग निळसर मारत होता. वेगळ्या वेळी रंगवलेलं कापड क्वचितच तंतोतंत जुळतं. बायका अक्षरशः रडकुंडीला आल्या, आणि मला ते पूर्ण पटलं. फुगडी चढत जाते, श्वास "फू फू" असा एका ठेक्यात सुटायला लागतो, तेव्हा आपला पाय कुठला आणि शेजारणीचा कुठला हे भान राहत नाही. माणसाला नाचायला आवडतं ते मला वाटतं याचसाठी: थोडा वेळ आपण एकटे उरत नाही. त्या क्षणी एकच रंग हवासा वाटणं अगदी साहजिक आहे.

याला शास्त्राचाही आधार आहे. 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटागटाने नाचवलं. जी मुलं एकाच वेळी एकसारख्या हालचाली करत होती, त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली आणि आपल्या गटाविषयी जवळीकही वाढली. अंग मोडून नाचल्यानेही तसा फरक पडला, पण एकत्र हलण्याचा परिणाम त्याहून वेगळा मोजता आला. हे वाचलं तेव्हा मला शेजारच्या काकी आठवल्या. गुडघ्यामुळे त्यांना माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. धालोच्या रात्री मात्र मांडावर, म्हणजे गावातल्या नाचाच्या ठरलेल्या जागेवर, समोरासमोर दोन रांगा लागल्या, एकमेकींच्या कमरेत हात गुंफले, की त्या मध्यरात्र उलटेपर्यंत वाकून वाकून पुढे-मागे झुलतात. ओळीतून बाहेर या म्हटलं तर ऐकत नाहीत. गुडघा दुखतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या तीन साड्यांचं काय केलं, तर रिंगणात दर चौघींनंतर एक निळसर साडी उभी केली. लांबून ती नक्षीच वाटली. यंदा मात्र आधीच बजावून पंधराही साड्या एका लॉटच्या घेतल्या. त्यासाठी साडीमागे 90 रुपये जास्त पडले, आणि कुणीही कुरकुर केली नाही.