व्याजात भागतंय, मग राजीनामा देऊ का?

प्रिय ताई,
मी 54 वर्षांची. 31 वर्षं हिशेब विभागात काढली. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांना पेन्शन नाही. मुलगी कमावती आहे, घराचं कर्ज फिटलंय. महिन्याच्या खर्चाला बाराने गुणलं, तर वर्षाच्या खर्चाच्या 26 पट पैसे आमच्याकडे आहेत, जवळजवळ सगळे मुदत ठेवींत. माझ्या पगारात घर चालतं आणि तेवढेच मागेही पडतात. पण नवे साहेब आल्यापासून ऑफिसला जायला पाय उचलत नाही. हे म्हणतात, "व्याजात भागतंय, कशाला जीव काढतेस?" मैत्रीण म्हणते, साठपर्यंत काढ कशीतरी. रोज रात्री वही उघडून तीच बेरीज करत बसते. थांबणं परवडेल का मला?
– वहीवाली

प्रिय वहीवाली,
तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, वर मी ते आटोपशीर केलंय. त्या चार पानांत 'निवृत्ती' हा शब्द 3 वेळा येतो आणि 'नवे साहेब' 11 वेळा. हे मोजलंय ते ध्यानात ठेवा, त्याकडे परत येते. आधी वही.

महिन्याचा खर्च गुणिले बारा म्हणजे वर्षाचा खर्च नव्हे. हिशेबातल्या बाईला हे मी सांगावं, म्हणजे गंमतच. पण स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडताना भलेभले इथेच घसरतात. दाताची कवळी, गळकं छप्पर, बंद पडलेला फ्रिज, गाडी बदलणं हे कुठल्याच महिन्याचे खर्च नसतात, म्हणून कुठल्याच महिन्यात धरले जात नाहीत. (मी स्वतः नोकरी सोडली तेव्हा सगळं धरलं होतं, फक्त दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू राहिले.) शिवाय आरोग्य विमा ऑफिसचा असेल, तर तो नोकरीबरोबर जातो आणि स्वतःचा हप्ता वयाबरोबर चढतो. मागच्या पाच वर्षांची बँक पासबुकं काढा आणि वर्षाचा खरा आकडा लिहा. माझ्या अंदाजाने तो पाचव्या हिश्श्याने तरी वाढेल. मग तुमचे 26 पट होतात जेमतेम 22.

आता 'व्याजात भागतंय'. आज भागतंय, हे खरंच आहे. पण महागाई 6 टक्के धरली तर खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो. तुम्ही 66 च्या व्हाल तेव्हा खर्च दुप्पट असेल, आणि मुद्दल तेवढंच राहिलं तर व्याजही आजच्याइतकंच. 78 व्या वर्षी खर्च चौपट. व्याज सगळं खाऊन टाकलं की मुद्दल कागदावर शाबूत दिसतं, आतून मात्र पोखरत जातं. तुमच्या यजमानांची चूक बेरजेत नाही. ते एकाच वर्षाचा हिशेब बघताहेत.

वर्षाच्या खर्चाच्या 25 पट झाले की थांबा, असं तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये मांडलेल्या हिशेबात आहे: पहिल्या वर्षी पुंजीतले 4 टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, काढायचे, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, तर पैसा 30 वर्षं पुरतो. पण तो आकडा अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून आलेला, आणि त्यात निम्मा किंवा त्याहून जास्त पैसा शेअर्समध्ये धरलेला. तुमचं सगळं ठेवींत आहे, आणि 54 पासून पुढे 30 नव्हे, 40 वर्षं धरायला हवीत. म्हणून 22 पटीवर 'आता काहीच करत नाही' असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. त्यातून पैसा शेअर्समध्ये नेलात आणि बाजार पहिल्याच दोन-तीन वर्षांत कोसळला तर फार लागतं. 100 तले 5 काढले, उरलेल्या 95 चे 20 टक्क्यांनी घसरून 76 झाले. पुन्हा 95 व्हायला 20 नव्हे, 25 टक्के वाढ लागते, आणि तोवर घरखर्चाला काढणं काही थांबत नाही.

म्हणजे मैत्रिणीचं बरोबर? नाही. तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्ही वाचलं नाहीत: पगारात घर चालतं आणि तेवढेच मागे पडतात. तुम्हाला आज आहे तेवढ्या पगाराची गरजच उरलेली नाही. समजा, निम्म्याहून थोड्या जास्त पगाराचं, सुधारलेल्या खर्चापुरतं दुसरं काम धरलंत – अर्धवेळ, दोन-तीन छोट्या धंद्यांचे हिशेब, काहीही – आणि पुंजीला हात लावला नाहीत. ती महागाईपेक्षा 2 टक्के जरी जास्त वाढली, तरी साठीला 22 चे 24 च्या वर होतात, आणि पुढची वर्षंही सहाने कमी झालेली असतात. सगळं ठेवींत ठेवून ते 2 टक्के मिळणं कठीण आहे. दोन-तीन वर्षांचा खर्च सुरक्षित राहू द्या आणि बाकीतला काही भाग हळूहळू शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत न्या. त्यासाठी फी घेऊन सल्ला देणारा माणूस गाठा. कमिशनवर योजना विकणारा नको.

थांबणं तुम्हाला अजून परवडत नाही, पण नवे साहेब सोडणं परवडतं. वर्षभर तुम्ही पहिल्या प्रश्नाची बेरीज करत होतात, सतावत होता दुसराच प्रश्न.

राजीनामा मात्र उद्याच देऊ नका. आधी स्वतःचा आरोग्य विमा घ्या. सहा महिने अर्धा पगार आला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात घर चालवून बघा. तोवर कामासाठी ओळखीत शब्द टाका. आणि वही एकटीने रात्री भरू नका, यजमानांना शेजारी बसवा. त्यांच्या दातांचं काय चाललंय ते तुम्हाला कुठे माहीत आहे!

– तुमची ताई