हलकं कार्बन वल्हं मापानं बनवून घेताना कारागिराला काय सांगावं?

तुम्ही विचारलंय की कनूसाठी (अरुंद, हलकी होडी) खास मापाचं कार्बन फायबरचं वल्हं करून घ्यायचं तर वजन किती सांगावं. माझं मत : आधी लांबी ठरवा, ग्रॅमचं मग बघू.

हलकेपणाचा फायदा खरा आहे. मिनिटाला 50 हात मारले तर तासाला 3,000 होतात, पाच तासांत 15,000. दर हाताला 300 ग्रॅम वाचले तर दिवसभरात साडेचार टन कमी उचललं जातं, आणि संध्याकाळी खांद्यांना ते कळतं. लाकडी वल्हं साधारण 600 ते 800 ग्रॅमचं असतं, चांगलं कार्बनचं 300 ते 400 ग्रॅममध्ये बसतं.

पण माझं पहिलं कार्बन वल्हं दोन इंच लांब झालं. मी उंची कळवली होती, होडीतली बैठक कळवलीच नव्हती. प्रत्येक हाताला वरचा हात कपाळापर्यंत जायचा आणि तासाभरात मान भरून यायची. इतकं हलकं वल्हं असून उपयोग शून्य!

म्हणून नेहमीचं सामान भरून, नेहमीच्या जागी बसून पाण्यापासून हनुवटी-नाकापर्यंतचं अंतर मोजून घ्या. पातं पूर्ण बुडालेलं असताना वरची मूठ तिथे आली पाहिजे. म्हणजे हे झालं नुसत्या दांड्याचं माप, पात्याची लांबी वेगळी. गुडघ्यांवर बसून वल्हवत असाल तर शरीर उंच राहतं, माप बदलतं. मूठ पक्की चिकटवू नका असं कारागिराला आवर्जून सांगा. मी दुसऱ्या वेळी ती गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदानं बसवून घेतली, चार फेऱ्या मारल्या, मग अर्धा इंच दांडा कापला. (कापताना मास्क लावा आणि पाणी मारत राहा, कार्बनची धूळ फार वाईट.)

वाकडा दांडा की सरळ, हे तुमच्या पाण्यावर अवलंबून. लांब, शांत पल्ल्यासाठी दांडा आणि पातं यांच्यात 12 अंशांचा वाक उत्तम, कारण मागे येताना पातं जास्त वेळ उभं राहतं आणि पाणी वर उचलण्यात जोर वाया जात नाही. मात्र खडकाळ, वळणावळणाच्या प्रवाहात किंवा एकाच बाजूने वल्हवत दिशा सांभाळायची असेल तर सरळच घ्या.

वजन कमी करायचंच तर पात्यातून करा. हाताला जाणवतो तो टोकाचा भार, मुठीतले वीस ग्रॅम कळतही नाहीत. फक्त पात्याची कड पातळ करू देऊ नका. कार्बन ताठ असतो, पण दगडावर आपटला की कडेचा टवका उडतो. तिथे केवलारची (एक चिवट कृत्रिम धागा) पट्टी घालायला सांगा, थोडे ग्रॅम वाढले तरी चालतील. शिवाय वर ऊन सोसणारं व्हार्निश हवंच, नाहीतर इपॉक्सी (कार्बनचे धागे धरून ठेवणारं राळेसारखं रसायन) पिवळं पडून खराब होतं.

तुम्ही बसून वल्हवता की गुडघ्यांवर, आणि पाणी कसं आहे, ते लिहिलंत तर पात्याच्या रुंदीबद्दलही सांगता येईल.