वाचक विचारतात : ताउचोचा वास नाकात बसला!

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंडोनेशियात बांडुंगला राहतो. चियांजूर गावाहून आणलेला ताउचो (आंबवलेलं खारं सोयाबीन) सगळ्यांना एवढा आवडला की मी घरीच करायला घेतला. सोयाबीन उकडून टेम्पेची रागी (नाचणी नव्हे, सोयाबीनची टेम्पे वडी करायचं बुरशीचं विरजण) लावली, तिसऱ्या दिवशी पांढऱ्या बुरशीवर राखाडी-काळे ठिपके दिसले म्हणून घाबरून अर्धं फेकलं. उरलेलं मिठाच्या पाण्यात घातलं, पण ह्यांना बीपी आहे ना, म्हणून मीठ निम्मंच टाकलं. आज आठवा दिवस, बरणी उघडली की नाक दाबावं लागतंय. काय चुकलं?

उत्तर : अहो, जे फेकलंत ते चांगलं होतं आणि जे ठेवलंत ते गेलं! टेम्पेच्या रागीतली बुरशी जुनी झाली की तिचे बीजाणू राखाडी-काळे दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाल, केशरी, हिरवं काही दिसलं किंवा दाणे बुळबुळीत झाले तर मात्र सरळ टाकून द्यायचं.

खरी गडबड मिठाची. ताउचोत मीठ चवीपुरतं नसतं हो, ते राखणदार असतं. बुरशीचं काम दोन-तीन दिवसांचं, मग खारं पाणी पडलं की ती मरते पण तिने सोडलेली एन्झाइम्स दाण्यातलं प्रोटीन फोडत राहतात, तीच ती चव, आणि तेवढे आठवडे सडवणाऱ्या जंतूंना लांब ठेवायला मीठच लागतं. लिटरभर पाण्याला पाव किलो मीठ घ्या, उकळून पूर्ण गार करा, दाणे बुडून वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे. आत्ताच्या बरणीत वरून मीठ घालून ती वाचवायला जाऊ नका, फेका. बीपीचं म्हणाल तर ताटात चमचाभरच वाढा आणि भाजीत वेगळं मीठ घालू नका, पण बरणीत काटकसर नको.

पुढच्या वेळी दाणे रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, मऊ उकडा, निथळून गार झाल्यावर कोरडं भाजलेलं तांदळाचं पीठ आणि रागी लावून सुपात पातळ पसरा. बुरशीने दाणे जखडले की वडी मोडून एक दिवस उन्हात वाळवा, मगच खाऱ्या पाण्यात. बरणी दिवसा फडकं बांधून उन्हात, रात्री झाकण लावून घरात, असं तीन-चार आठवडे. तुमच्याकडे पावसाळ्यात दुपारी आभाळ भरून येतं, तेव्हा सकाळचंच ऊन पकडा, फडक्यावर पाणी पडलं की मेहनत वाया.

प्रश्न : विकतचा गोडसर होता, तो कसा?

उत्तर : चियांजूरचा तसाच असतो, शेवटी ताडगूळ घालून शिजवतात. पेकालोंगान शहरात मात्र ताउचो सोतोच्या, म्हणजे तिकडच्या सूपच्या, रश्श्यात जातो, त्याला तौतो म्हणतात. तुमचा झाला की पहिल्यांदा गेचो करा, म्हणजे मोड आलेले मूग आणि ताउचो, नावही तोगे आणि ताउचो जोडूनच झालंय.