माफीनामा कशाबद्दल लिहायचा?

ताई, नमस्कार.
माझी मुलगी कोल्हापुरातल्याच एका हायस्कूलमध्ये दहावीला आहे. विज्ञानातला प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला. नंतर आरोग्यावर व्याख्यान ठेवलं, तेही फक्त मुलींना. मुलांना मैदानावर सोडलं. हिनं मैत्रिणींना जोडीला घेऊन मुख्याध्यापकांना अर्ज दिला: मुलांनाही बसवा, आणि काय सांगायचं ते ठरवण्याआधी आम्हाला विचारा. खाली 31 सह्या. आता सोमवारी मला शाळेत बोलावलंय, मुलीनं माफीनामा लिहून द्यावा म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, 'कोल्हापुरात असलं चालत नाही, गप लिहून दे आणि मोकळी हो.' पोरगी माझ्याशीही बोलेना. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं नुसती कापडाची घडी हातात दिली होती. मी हिला काय सांगू?
– एक आई, कोल्हापूर

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चक्क हसू आलं. ज्या शहरानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून टोल घालवला, त्या शहरातल्या पोरीनं काय केलं, तर अर्ज दिला! मा. मुख्याध्यापक, विषय, आपल्या विश्वासू, सह्या. शाळेनंच मराठीच्या तासाला शिकवलेलं पत्रलेखन तिनं शाळेतच वापरलं. यात माफी कशाची मागायची, ते मला तरी सापडलं नाही. अर्जात कुणा बाईंना टोचून एखादं वाक्य असेल, तर तेवढं तिनं मागे घ्यावं. मागणी मागे घेऊ नये.

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा मीही सुरुवातीला घाईघाईत उरकायचे, खोटं कशाला सांगू. फळ्याकडे तोंड करून आकृती काढायची आणि घंटेची वाट बघायची. एका वर्षी मात्र मिठाईच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडलं आणि वर्गात सांगितलं, नाव न घालता प्रश्न लिहून टाका. रात्री खोका उघडताना मला धडकी भरली होती. काय काय अचकट विचकट निघणार म्हणून. निघालं काय? 'मला अजून मिशी येत नाही, काही दोष आहे का?' 'छातीची एक बाजू मोठी दिसते, कॅन्सर असतो का?' काहींनी अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेलं. आणि एका मुलाचा प्रश्न होता: 'ती नाही म्हणाली. मित्र म्हणतात मुली आधी नाहीच म्हणतात. खरं का?'

आता सांगा, हा मुलगा मैदानावर सोडला तर त्याला उत्तर कोण देणार? तेव्हा मित्र द्यायचे. आता खिशातला मोबाईल देतो, आणि काय दाखवून देतो ते आपल्याला माहीत आहे.

त्या खोक्यात आणखी एक चिठ्ठी होती. तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्हा दोघी शिक्षिकांना एका घरी जावं लागलं. तेवढंच सांगते.

मिस्टरांना सांगा, कोल्हापुरात बरंच काही चालतं. हेरवाड आपल्याच जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून राज्यभर तसं करायला सांगितलं. घराघरांत कुजबुजून बोलायचा विषय तिथं उघडपणे मांडला गेला. भूकंप काही झाला नाही.

शाळेची भीती मात्र मी समजू शकते. 2007 मध्ये लैंगिक शिक्षणावरून राज्यात एवढा गदारोळ झाला की कार्यक्रमच थांबवला गेला, आणि तेव्हाचे शिक्षक ते विसरलेले नाहीत. पालकांची तक्रार आली तर आपल्यामागे कोण उभं राहील, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. म्हणून सोमवारी भांडायला जाऊ नका. मुख्याध्यापकांना आधी हेच सांगा की मी पालक आहे आणि माझी हरकत नाही. जमलं तर सही केलेल्या आणखी दोन-तीन मुलांचे पालक बरोबर न्या. मग शांतपणे विचारा, शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, आहे का? 2022 च्या शासन निर्णयानं ती करायला सांगितली आहे आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात. अर्ज तिथं ठेवता येईल. केंद्र सरकारच्या 2020 पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात तर 11 विषय आहेत, त्यात परस्पर नातेसंबंध आणि इंटरनेटचा सुरक्षित वापरही येतो, आणि वर्गातल्या मुलांनाच आरोग्यदूत करायचं म्हटलंय. तुमची मुलगी जगावेगळं काही मागत नाही.

पण तिथं तुम्ही कमी बोला. तिला बरोबर न्या आणि तिचं म्हणणं तिला मांडू दे. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा, एवढं पुरे.

आणि तिलाही माझा एक निरोप द्या. सही करणारी मुलं मुळातच धीट असतात. जिनं सही केली नाही, तिचा प्रश्न कदाचित सगळ्यांत मोठा असेल. तिच्यासाठी पेटी मागा. तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते, पण ऑफिसच्या दारात, शिपायाच्या नजरेसमोर. तिथं कोण चिठ्ठी टाकणार? जागा मुलांनी ठरवावी आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर एका शिक्षिकेकडेही असावी.

राहिलं तुमचं दोघींचं. समोरासमोर बसवून 'बोल आता' म्हणाल तर ती आणखी मिटेल. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला न्या. चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तिला काही विचारू नका. आईनं हातात दिलेल्या त्या घडीची गोष्ट सांगा, आणि तुम्हाला तेव्हा काय वाटलं तेही. तिनं काही विचारलं आणि तुम्हाला उत्तर आलं नाही, तर 'मलाही माहीत नाही, आपण विचारू' म्हणा. सरकारी रुग्णालयांत 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथं दोघी जाऊ शकता.

आणि हो, त्या 31 सह्यांत मुलांच्या किती आहेत, ते तिला विचारून मला नक्की कळवा.