जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये जास्त ताकदीचं इंजिन बसेल का?

बसेल, आणि सगळ्यात कमी डोकेदुखी इसुझू या जपानी कंपनीच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनची, कारण हा खटाटोप हिंदुस्तान मोटर्सने १९९० च्या दशकात स्वतःच करून ठेवलाय. तुमच्याकडचं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन जेमतेम पन्नासेक हॉर्सपॉवरचं. इसुझूचं १८१७ सीसी आणि सुमारे ७५. बॉनेटखाली जागेचा प्रश्नच नाही, बाजूला एक मेकॅनिक उभा राहील एवढी ऐसपैस आहे!

पण नुसतं इंजिन आणू नका. त्याच्यासोबतचा पाच गिअरचा बॉक्सही उचला. त्याचा दांडा स्टिअरिंगजवळ नसतो, खाली फ्लोअरवर असतो, त्यामुळे पत्रा कापावा लागतो. इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते आधार), प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याची) लांबी आणि रेडिएटर हेही जुळवावं लागतं. खरी मेख ब्रेकमध्ये आहे. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक; घाटात उतरताना ते तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि सर्व्हो (पेडलवरचा जोर वाढवणारा भाग) आधी, इंजिन नंतर. लोक नेमकं उलट करतात.

एक अट मात्र आहे: इंजिन क्रमांक आणि सीसी आरसीवर नोंदलेले असतात आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल मनाने करता येत नाही. पैसे मोजण्याआधी आरटीओत लेखी विचारा. नोंद न करता गाडी चालवलीत तर अपघातानंतर विम्याच्या क्लेमचं घोडं तिथेच अडू शकतं.