काळ्या रानात पहिली भूकंपीय रेषा टाकण्यापूर्वी

आपण सोलापूरजवळ भूजल शोधण्यासाठी प्रथमच उथळ भूकंपीय सर्वेक्षण (घणाच्या ठोक्याने जमिनीत लहरी पाठवून त्यांचा वेग मोजणे) करणार आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की या पद्धतीत पाणी थेट दिसत नाही, लहरींचा वेग दिसतो. कोरड्या मातीत तो सेकंदाला साधारण 300 ते 700 मीटर असतो, पाण्याने भरलेल्या मुरमात 1500 च्या आसपास किंवा वर जातो. परंतु कोरडा, अर्धवट झिजलेला बेसॉल्टही तेवढाच वेग दाखवू शकतो, त्यामुळे शेजारच्या विहिरीची पातळी त्याच दिवशी मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मे महिन्यात काळी जमीन भेगाळते आणि जिओफोनचा (जमिनीतील कंपने टिपणाऱ्या उपकरणाचा) खिळा ढेकळात सैल राहतो. वीतभर खणून तो घट्ट मातीत रोवावा, आणि घणाचे ठोके देताना आसपासचे पंप बंद ठेवण्याची शेतकऱ्यांना विनंती करावी.

कठीण थराखालचा मऊ, सच्छिद्र थर या अपवर्तन पद्धतीला (थरांच्या सीमेवर वळून परत येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या) दिसतच नाही, आणि दख्खनच्या खडकात पाणी पुष्कळदा तिथेच असते. तेथे विद्युत रोधकतेच्या मोजणीची (जमीन विजेला किती अडवते ते पाहण्याची) जोड मला अत्यावश्यक वाटते. भूजलाच्या प्रवाहाची दिशा मात्र किमान तीन विहिरींच्या, एकाच आधारपातळीवरून मोजलेल्या पाणीपातळ्यांवरूनच ठरवावी, आणि तीच भूकंपीय रेषा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात पुन्हा घ्यावी.