ड्रिफ्ट आला म्हणून लगेच नवा कंट्रोलर घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्युअलसेन्स (प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर) दीड वर्ष वापरलाय, फुटबॉलच्या गेममध्ये स्टिकला हात न लावता खेळाडू डावीकडे चालत सुटतो (यालाच ड्रिफ्ट म्हणतात), मागच्या भोकात पिन घालून रीसेट केलं तरी फरक नाही, मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सोडवायचा तेलकट स्प्रे) मार. मग नवाच घ्यावा का?

आज तरी नको. नव्या ड्युअलसेन्समध्येही त्याच जातीची स्टिक असते, म्हणजे पैसे देऊन तोच आजार पुढे ढकलायचा. आणि डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा डबा तर नकोच. त्याचा तेलकट थर आत राहतो, त्यावर धूळ बसते आणि पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा येतो, तो चालतो. रीसेटचं म्हणाल तर त्याने जोडणीचे घोळ सुटतात, झिजलेला भाग भरून येत नाही.

स्टिकच्या मोड्यूलला, म्हणजे तिच्याखालच्या छोट्या पेटीला, दोन बाजूंनी दोन छोटे पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची जिभली. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची ना, तोच प्रकार. फक्त इथे खरखर कानाला कळत नाही, खेळाडूच्या चालण्यात दिसते. स्टिक सतत मध्यावरून ये-जा करते, म्हणून पट्टा तिथेच जास्त झिजतो आणि त्याची भुकटी जिभलीखाली साचते. याशिवाय स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडते, तो वेगळा दोष.

यातला तुमचा कोणता, ते पाच मिनिटांत कळतं. कंट्रोलर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा (केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगची चालणार नाही) आणि ब्राउझरमध्ये कुठलंही गेमपॅड टेस्टर उघडा. प्रत्येक अक्षाचा आकडा -१ ते १ मध्ये दिसतो. हात काढल्यावर ०.०५च्या आत असेल तर काळजी नाही, ०.१०च्या पुढे गेला की गेममध्ये जाणवतो. आता स्टिक डावीकडे पूर्ण ढकलून सोडा, आकडा लिहून घ्या. मग उजवीकडून, वरून, खालून. दर वेळी तोच चुकीचा आकडा, समजा -०.१२, येत असेल तर केंद्र सरकलंय; कॅलिब्रेशनने, म्हणजे मध्य कुठे ते कंट्रोलरला नव्याने शिकवून, काम भागतं. आकडा एका जागी न थांबता थरथरत असेल तर कचरा किंवा झीज. डावीकडून सोडल्यावर एक आणि उजवीकडून सोडल्यावर दुसरा येत असेल तर बहुधा स्प्रिंग.

कचऱ्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मिळतं. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कंट्रोलर बंद करून, स्टिक एका बाजूला वाकवून फटीत दोन-तीन थेंब सोडा, स्टिक पंचवीस-तीस वेळा गोल फिरवा, तीन-चार वेळा दाबा, आणि अर्धा तास वाळू द्या. ओलाच चालू करून ‘काही झालं नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. भुकटीच असेल तर फरक पडतो. पट्टाच खरवडला असेल तर आठवड्याभरात दुखणं परत येतं.

केंद्र सरकलं असेल तर ड्युअलसेन्स क्रोममधून कॅलिब्रेट करणारी मोफत साधनं आहेत. बदल कायमचे सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर कंट्रोलर बंद झाला की जुनी मापं परत येतात. गेममधला डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही ती) वाढवणं ही मलमपट्टी. फुटबॉलमध्ये खपून जाते, नेमबाजीच्या गेममध्ये बारीक नेम जातो.

एवढं करूनही आकडा थरथरत असेल तर मोड्यूल बदलायचं. इथे मात्र हात आखडता घ्या. मोड्यूलला १४ पाय असतात आणि सगळे बोर्डाला सोल्डर केलेले. जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेले पाय उष्णता पिऊन टाकतात, सोल्डर नीट वितळत नाही, माणूस वैतागून ओढतो आणि बोर्डावरचं तांब्याचं पॅडच उखडून येतं. मग कंट्रोलर खरंच गेला. जाणकार आधी जुनं मोड्यूल कटरने तुकडे करून काढतात आणि मग एकेक पाय फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन) लावून सोडवतात. तुमचा रिपेअरवाला हे असंच करतो का, विचारा. ‘ओढून काढतो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा. उघडताना ट्रिगरच्या नाजूक पट्ट्या तुटतात, तेही त्याला ठाऊक असायला हवं.

बदलायचंच ठरलं तर हॉल किंवा टीएमआर मोड्यूल बसवा. त्यांत चुंबक आणि सेन्सर असतो, घासणारा पट्टाच नसतो. यात नवल काही नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच हॉल सेन्सर होते. टीएमआर हॉलपेक्षा वीज कमी खातं. मात्र बसवल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं, आणि ‘आयुष्यात ड्रिफ्ट नाही’ ही जाहिरात जशीच्या तशी घेऊ नका. स्प्रिंग त्यांचीही सैल पडते.

हेच उत्तर सगळ्या कंट्रोलरना लावू नका. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये सोल्डरिंग नाही. तीन पाकळ्यांचा आणि बारीक फुलीचा असे दोन स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर असला की स्टिक घरी बदलते. एक्सबॉक्सला मधोमध खुंटी मावणारा टी८ टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा स्क्रूड्रायव्हर) लागतो, आणि एक स्क्रू बॅटरीच्या खणातल्या स्टिकरखाली लपलेला असतो. तो राहिला की लोक कव्हर जोर लावून फोडतात. ड्युअलसेन्स एज या महागड्या आवृत्तीची स्टिक तर अख्खी काढून दुसरी बसवता येते.

तुमची वॉरंटी संपली असं धरून हे सगळं लिहिलंय. तरी बिलावरची तारीख एकदा बघा. महिनाभरही शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, टेस्टरवरच्या आकड्यांचा व्हिडिओ काढा आणि लेखी तक्रार द्या. विक्रेता नुसता टोलवत राहिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन करा. बिल आणि व्हिडिओ हाताशी ठेवा. टेस्टरचे चारही बाजूंचे आकडे इथे टाकलेत तर पुढचं सांगतो.